सोमवारच्या जेवणाचे साक्षीदार

ज्याला कोणी विचारणारं नाही तो माणूस हळूहळू बिघडत जातो, ही गोष्ट सर्व धर्मांना, सर्व सरकारांना आणि सर्व सासवांना मान्य आहे. मतभेद आहेत ते इतकेच, की विचारणाऱ्याला कोणी विचारायचं. सान बेनितोच्या खोऱ्यातल्या ख्रिस्ती मंडळ्यांनी हा प्रश्न कायमचा सोडवला. तो कसा सोडवला, हे उरलेल्या ग्वातेमालाने आणि जमल्यास इतर देशांनीही नीट समजून घ्यावं. घाई करू नये. समजायला सोपं आहे.

या खोऱ्यात सात मंडळ्या आहेत. वस्तीच्या मानाने त्या जास्त होतात असं काही जण म्हणतात (हे लोक बहुधा आठवी मंडळी काढण्याच्या विचारात असतात). प्रत्येक मंडळीच्या उपासनागृहाच्या पत्र्यावर एक कर्णा बसवलेला आहे आणि त्याचं तोंड समोरच्या डोंगराकडे आहे. कारण उघड आहे. आपल्या मंडळीतले लोक उपासनेला आलेलेच असतात. देवाचं वचन ऐकण्याची खरी गरज असते ती दुसऱ्यांच्या मंडळीतल्या लोकांना.

काही वर्षांपूर्वी खालच्या मंडळीचे पाळक, म्हणजे तिथले धर्मगुरू, एका सकाळी मंडळीचा पिकअप आणि गायनवृंदातली एक भगिनी घेऊन समुद्राकडे गेले. पिकअप नंतर सापडला. सगळ्या पाळकांनी एकत्र बसून, तीन गाणी म्हणून, असा निष्कर्ष काढला की त्या बिचाऱ्याला कधी कोणी काही विचारलंच नव्हतं. (मागच्या बाकावरची एक म्हातारी म्हणाली, मी विचारलं होतं. पण ती कोणत्याच समितीवर नव्हती.) त्याच दिवशी उत्तरदायित्व मंडळ स्थापन झालं. त्याच्या नावात ‘निकोप’ हा शब्द घालावा, असा आग्रह पाळक बाउदिलियो त्सोक यांनी धरला. पूर्वीचं उत्तरदायित्व ओरडून घेतलं जाई. निकोप उत्तरदायित्व हे हळू आवाजात, कॉफी आणि गोड पाव समोर ठेवून घ्यायचं असतं. त्याने माणूस दुखावत नाही, आणि दुखावलाच तर तोंडात पाव असल्याने बोलत नाही.

बाउदिलियो मधल्या मंडळीचे पाळक. केस पांढरे, आवाज मऊ, चष्म्याची एक काडी दोऱ्याने बांधलेली. रविवारच्या शाळेत त्यांनी खोऱ्यातल्या निम्म्या मुलांना वचनं पाठ करायला शिकवलं होतं, आणि चुकलेल्या मुलालाही ते गोड गोळी देत, म्हणून मुलं मुद्दाम चुकत. माणूस मनाने चांगला, याबद्दल खोऱ्यात दुमत नव्हतं. राजधानीत मार्गदर्शकांचं एक शिबिर झालं होतं, तिथे ते शिकून आले होते की समोरच्याचं ऐकताना मान डावीकडे थोडी झुकवावी. तेव्हापासून ते सर्वांचं तसंच ऐकत. त्यांच्या पत्नी क्रिस्पिना म्हणत, त्या शिबिराहून परतल्यापासून यांची मान दुखते आणि ऐकू पूर्वीइतकंच येतं.

मंडळाची रचना अशी. प्रत्येक अनुभवी पाळकाने वाड्यांवरच्या एका तरुण पाळकाचं मार्गदर्शन करायचं आणि त्याला प्रश्न विचारायचे. मार्गदर्शकाला दुसऱ्या मार्गदर्शकाने विचारायचं, त्याला तिसऱ्याने, आणि सातव्याला पुन्हा पहिल्याने. असं ते वर्तुळ पूर्ण होई. त्याचं सौंदर्य हे, की त्यात शेवटचा असा कोणी नव्हता, आणि त्यामुळे कोणाचीही चूक कुठे पोहोचून थांबत नसे.

सुरुवातीला थोडी गडबड झाली. एका पाळकाने खरंच उत्तर दिलं. शेजारच्या मंडळीने नवीन ढोल-ताशे आणले तेव्हा आपल्याला रात्रभर मत्सर वाटला, असं त्याने कबूल केलं. हे ऐकून त्याचा मार्गदर्शक इतका हेलावला, की त्याने ती गोष्ट प्रार्थनेची विनंती म्हणून पुढे दिली. इथे नवख्या वाचकासाठी खुलासा करायला हवा. दुसऱ्याची खासगी गोष्ट डोळे उघडे ठेवून सांगितली तर ती चहाडी. तीच डोळे मिटून सांगितली की प्रार्थनेची विनंती होते. रविवारी दुपारपर्यंत दोन्ही डोंगरांना त्या मत्सराची माहिती झाली, आणि ढोलवाल्या मंडळीने तर त्या पाळकासाठी ढोल वाजवून मध्यस्थीची प्रार्थना केली.

तेव्हापासून पाळकांनी आपले दोष काळजीपूर्वक निवडायला सुरुवात केली. पहिल्या वर्षाच्या आढाव्यात असं दिसलं की शेकडा एकेचाळीस पाळक प्रभूसाठी गरजेपेक्षा जास्त राबतात, शेकडा अडतीस विश्रांती घ्यायला विसरतात, शेकडा एकोणीस माणसांवर फार लवकर विश्वास ठेवतात आणि उरलेले दोन टक्के इतके नम्र आहेत की त्यांना स्वतःबद्दल बोलवत नाही. खोऱ्याचं नैतिक आरोग्य इतकं चांगलं यापूर्वी कधीच नव्हतं.

बाउदिलियोंच्या वाट्याला उसियेल आला होता. आला म्हणजे त्यांनीच मागून घेतला. उसियेल त्यांच्याच शाळेतला मुलगा, मुद्दाम चुकणाऱ्यांपैकी. पुढे गिटार शिकला, मग वचन सांगायला लागला आणि सर्वांत वरच्या वाडीवर, लास लोमासला, पाळक झाला. तिथल्या लोकांना पाळक मिळून फार दिवस झाले नव्हते, त्यामुळे ते त्याला पुरेपूर वापरत. कोणी आजारी, उसियेल. कोणी मेलं, उसियेल. पाण्याच्या पाइपावरून भांडण, बकरी दुसऱ्याच्या मक्यात, मुलगी पळाली, मुलगी परत आली, सगळीकडे उसियेल. त्याची बायको देलफिना विणकाम करी, कमी बोले आणि संध्याकाळी त्याचं ताट झाकून ठेवी.

एका संध्याकाळी तव्यावरची तोर्तिया, म्हणजे मक्याची भाकरी, उलटता उलटता ती त्याला म्हणाली की आठवड्यातून एक संध्याकाळ तू माझ्याशी आणि पोरीशी बसून जेव. ते जमणार नसेल तर मी खालच्या गावी आईकडे जाते. रिकाम्या खुर्चीचा संसार मला करायचा नाही. आवाज चढवला नाही, रडली नाही, तोर्तियाही करपू दिली नाही. म्हणूनच उसियेलची खात्री पटली की ही जाणार.

निकोप पद्धतीत तरुण पाळकाने आपलं उद्दिष्ट स्वतः निवडायचं असतं. बाकीच्यांनी नवीन छप्पर, चाळीस बाप्तिस्मे, कर्ण्याची वाढीव क्षमता अशी उद्दिष्टं निवडली होती. उसियेल म्हणाला, सोमवारी संध्याकाळी घरी जेवायचं. बायको आणि पोरीबरोबर.

“आणि?” बाउदिलियोंनी मान झुकवून विचारलं.

“आणि काही नाही, भाऊ. जेवायचं.”

मग त्याने तोर्तिया उलटतानाचं बोलणं सांगितलं. बाउदिलियोंच्या डोळ्यांत पाणी आलं. त्यांनी त्याचा हात धरला आणि म्हणाले, बाळा, हे आपण नक्की साधू. यातला ‘आपण’ हा शब्द उसियेलच्या कानावरून गेला. तो त्याने तेव्हाच पकडायला हवा होता.

पहिल्या सोमवारी उसियेल घरी जेवला. देलफिनाने अंडं फोडून टोमॅटोच्या रश्शात सोडलं, पोरीने ते सगळं तोंडाला फासलं, आणि नवराबायको पाण्याच्या पाइपाचं नाव न काढता तासभर बसले. उसियेलने हे मार्गदर्शकाला सांगितलं. मार्गदर्शकाला इतका आनंद झाला की गुरुवारी त्याने तो आपल्या मार्गदर्शकाला सांगितला.

बाउदिलियोंना प्रश्न विचारण्याचं काम नदीकाठच्या मंडळीच्या पाळकबाई एउदोसिया यांच्याकडे होतं. दोन नवरे पुरून आणि एक दारूचा गुत्ता नुसत्या गाण्यांनी बंद पाडून त्या या पदापर्यंत आल्या होत्या. त्यांनी सगळं ऐकून एकच विचारलं. तो जेवला हे तुम्हाला कसं कळलं?

“त्यानेच सांगितलं.”

“पिकअपवाल्यानेही सांगितलंच असतं, भाऊ. कोणी पाहिलं का?”

एखाद्या गोष्टीवर विश्वास ठेवणं निराळं आणि ती निकोप ठेवणं निराळं. म्हणून एक साक्षीदार नेमण्यात आला. नेफ्ताली हे मधल्या मंडळीचे वडील सेवक, विधुर, गुडघ्यांनी अधू. त्यांनी सोमवारी दिवेलागणीला लास लोमासला जायचं, दारातून आत डोकावायचं, तिघं जेवताना दिसली की परतायचं. जेवणात कसलाही व्यत्यय आणायचा नाही, असं त्यांना दोनदा बजावलं होतं.

नेफ्ताली दारात उभे राहिले. कोणताही व्यत्यय आणला नाही. पण आपण जेवतोय आणि वडीलधारा माणूस थंडीत उंबऱ्याबाहेर उभा आहे, असं त्या डोंगरात चालत नाही. देलफिनाने त्यांना स्टूल दिलं. स्टुलावर बसलेल्या माणसाला ताट द्यावं लागतं. बायको गेल्यापासून नेफ्तालींनी गरम तोर्तिया खाल्ली नव्हती. ते शेजारणीने सकाळी दिलेल्या संध्याकाळी खात. त्या दिवशी त्यांनी नऊ खाल्ल्या आणि मंडळाला कळवलं की जेवण झालं आणि काळा घेवडा उत्तम होता.

पुढच्या सोमवारीही जेवण झालं आणि घेवडा अधिकच उत्तम होता. त्यापुढच्या सोमवारी नेफ्ताली दुपारीच निघाले.

एउदोसियाबाईंना इथे शंका आली, आणि ती रास्त होती. साक्षीदार घेवड्याच्या प्रभावाखाली होता. निःपक्षपाती साक्षीला भूक नसलेला माणूस हवा. खोऱ्यात तसा कोणी नसल्याने त्या स्वतः निघाल्या. दिवेलागणीला बाईमाणसाने एकटीने वर जाऊ नये म्हणून सुनेला बरोबर घेतलं. पिकअपचा चालक बाहेर थांबला होता, त्यालाही आत बोलवावं लागलं. आता सात-आठ विश्वासणारे एका छपराखाली जमले की एक गाणं तरी म्हटलंच जातं. गाणं म्हटलं की चार शब्द वचन हवं. आणि यजमान स्वतः पाळक असताना ते चार शब्द दुसरं कोणी बोलणं हा यजमानाचा अपमान झाला असता. उसियेल उठला आणि बोलला. तोवर पोरगी झोपून गेली.

अशा रीतीने एका खासगी जेवणाचं एका आदर्श उपक्रमात रूपांतर झालं. इतर मार्गदर्शकांनी आपापल्या तरुण पाळकांना तो बघायला पाठवलं, कारण ज्यांचं उद्दिष्ट छप्पर होतं त्यांनाही घरी जेवायचं कसं असतं याचं कुतूहल होतं. उपासनागृहातून प्लॅस्टिकच्या खुर्च्या आणल्या गेल्या. अंड्याच्या जागी कोंबडी आली, मग दोन कोंबड्या. कौटुंबिक भोजनाची सरासरी उपस्थिती तीनवरून एकतीसवर गेली, म्हणजे दहापटीने वाढली, आणि इतक्या कमी काळात कुटुंबव्यवस्थेची इतकी भरभराट खोऱ्यात पूर्वी कोणी पाहिली नव्हती. उसियेल आणि देलफिना आता सोमवारी सलग तीन तास एकाच घरात असत. तो पुढच्या खोलीत, ती चुलीपाशी.

बाउदिलियो एकदा मुद्दाम चुलीपाशी गेले. धुराने त्यांचा चष्मा काळवंडला. ते म्हणाले, भगिनी, तू भाग्यवान आहेस. अख्खं खोरं तुझ्या संसारामागे उभं आहे.

“उभं कुठे, भाऊ,” देलफिना पिठाचा गोळा थापता थापता म्हणाली. “बसलंय. खुर्च्या कमी पडताहेत.”

बाउदिलियोंना हे खुर्च्यांच्या मागणीसारखं वाटलं. पुढच्या सोमवारी त्यांनी सहा जास्तीच्या पाठवल्या.

यानंतर काही सोमवार असे गेले की सर्व साक्षीदारांची साक्ष एकसारखी होती. पाळक सोमवारी घरी जेवले काय? जेवले. प्रार्थना झाली काय? झाली, नेफ्तालींनी केली, लांब होती. चुलीचं काम आता वाडीतल्या बायका पाळीपाळीने करत. नेफ्तालींनी एवढंच नमूद केलं की घेवड्यात मीठ वाढलं आहे. मंडळाने त्याची नोंद घेतली आणि पाळक घरी जेवतात या मुख्य निष्कर्षावर मिठाने फरक पडत नाही, असं ठरवलं.

फरक क्रिस्पिनाबाईंनी सांगितला. त्या कोणत्याच वर्तुळात नव्हत्या, फक्त बाजारात जात.

“अहो, ते तुमचं सोमवारचं जेवण,” त्या वाटाणे सोलत म्हणाल्या, “त्यात देलफिना कुठे बसते?”

बाउदिलियोंनी आठवून पाहिलं. चुलीपाशी, ते म्हणाले. मग म्हणाले, बहुतेक.

“ती सोमवारी दुपारीच आईकडे जाते. पोरीला घेऊन. मला दर वेळी बाजारातून उतरताना दिसते. एकतीस माणसं बघायला बसवलीत तुम्ही, आणि जिला बघायचं तीच नाही.”

बाउदिलियोंनी वाटाण्याची एक शेंग उचलली आणि न सोलता परत ठेवली. त्यांना तोर्तिया उलटतानाचं ते बोलणं शब्दन्‌ शब्द आठवलं. जायची म्हणाली होती, आणि ती गेली होती. गिटार वाजवणारा तो पोरगा, त्याचा संसार सगळ्या खोऱ्याच्या डोळ्यांदेखत मोडला होता आणि खोरं तेव्हा दुसऱ्यांदा रस्सा वाढून घेत होतं. त्या रात्री त्यांनी क्रिस्पिनाबाईंना विचारलं नाही की आपण दोघं शेवटचं एकत्र कधी जेवलो. विचारलं असतं तर त्यांनी सांगितलं असतं.

पुढच्या सोमवारी ते लास लोमासला गेले नाहीत. पिकअपच्या मागे उभं राहून खालच्या गावी उतरले. देलफिनाला काय सांगायचं ते वाटेत जुळवत होते: त्याच्याकडे परत जा, चूक त्याची नाही, माझी आहे. तिच्या आईचं घर कब्रस्तानाच्या मागे, दार निळं. दार किलकिलं होतं. आवाज देण्याआधी त्यांनी आत डोकावलं.

आत उसियेल जेवत होता.

तो देलफिनाच्या समोर बसला होता, पोरगी त्याच्या मांडीवर. देलफिना काहीतरी सांगत होती आणि सांगता सांगता हसत होती. घरात चौथं कोणी नव्हतं. तिची आई सोमवारी मुद्दाम शेजारी जाऊन बसे. वर, डोंगरावर, त्याच वेळी नेफ्तालींची लांब प्रार्थना अजून चालू होती. तीच उसियेलची वाट होती. सगळ्यांचे डोळे मिटले की तो मागच्या दाराने निघे, पायवाटेने रस्त्याला लागे, उतरणारा पहिला पिकअप पकडे. आमेननंतर लोक समजत की तो आतल्या खोलीत आहे. आतल्या खोलीतले समजत की बाहेर आहे. इतक्या साक्षीदारांमध्ये एक माणूस हरवणं अजिबात कठीण नसतं. शेवटच्या कॉफीला तो परत येई आणि सगळ्यांना निरोप देई.

मांडीवरच्या पोरीने दाराकडे बोट दाखवलं. उसियेल पांढरा पडला.

“भाऊ, मी सांगणारच होतो.”

“तू तर ठरलेलं पाळतोयस,” बाउदिलियो म्हणाले. हे ते त्याच्यापेक्षा स्वतःलाच सांगत होते.

“हो.”

“मग लपून का रे?”

उत्तर देलफिनाने दिलं. “उघड्यावर केलं की तुम्ही येता.” मग तिने एक स्टूल पुढे सरकवलं. “बसा. पण आधी सांगा, जेवायला आलात की बघायला?”

बाउदिलियोंनी खरंच विचार केला. “मलाही नीट माहीत नाही, पोरी.”

“मग जेवा. तोवर कळेल.”

ते जेवले. अंडं, टोमॅटोचा रस्सा, गरम तोर्तिया. त्यांना कोणी काही विचारलं नाही. विश्रांती घेता का, कोणत्या मोहात पडलात का, या आठवड्यात प्रभूने काय शिकवलं, यातलं काहीच नाही. फक्त पोरीने विचारलं की तुमच्या चष्म्याला दोरा का, आणि ते काडी मोडल्याची गोष्ट सांगायला लागले, ती बरीच लांबली, आणि मान त्यांच्या नकळत सरळ झाली होती. मंडळाच्या नियमांप्रमाणे पाहिलं तर ही गंभीर अनियमितता होती. निघताना उसियेलने त्यांना कोपऱ्यापर्यंत सोडलं.

“भाऊ, कोणाला सांगू नका. माझं एवढंच मागणं आहे. हे मोडलं तर ती पुन्हा थांबायची नाही.”

बाउदिलियोंनी त्याच्या डोक्यावर हात ठेवला आणि नाही सांगत म्हणाले. क्रिस्पिनाबाईंना मात्र सांगितलं, कारण त्यांनी चेहऱ्यावरूनच ओळखलं होतं. त्या म्हणाल्या, पोट भरलं ना? मग आता गप्प राहा.

मंगळवार आणि बुधवार ते गप्प राहिले.

गुरुवारी एउदोसियाबाईंनी कॉफी ओतली, पाव पुढे केला आणि नेहमीचा शेवटचा प्रश्न विचारला. माझ्यापासून काही लपवून ठेवताय का? हा प्रश्न वर्तुळात असंख्य वेळा विचारला गेला होता आणि त्याला उत्तर म्हणून कोणी ना कोणी विश्रांतीबद्दल बोललं होतं. पण या वेळी विचारलेल्या माणसाजवळ खरोखर काहीतरी होतं. बाउदिलियोंच्या कपाळाला घाम फुटला. लपवण्यातूनच पिकअप सुरू होतो, असं त्यांनी स्वतः कितीदा शिकवलं होतं. मुलांना तर ते सांगत, खरं बोललास तर गोळी. ते प्रामाणिक गृहस्थ होते आणि खोटं बोलण्याची त्यांना सवय नव्हती. कारण आजवर त्यांच्याजवळ लपवण्यासारखं काही नव्हतंच.

त्यांनी सांगितलं. छान सांगितलं, डोळ्यांत पाणी आणून. ढोल-ताशांच्या मत्सरानंतर मंडळाच्या इतिहासातलं हे पहिलं खरं उत्तर, आणि ते दुसऱ्याच्या घराबद्दल होतं.

एउदोसियाबाईही रडल्या. त्यांनी शपथ घेतली की ही गोष्ट या चार भिंतींबाहेर जाणार नाही, आणि त्या शपथेला जागल्या. त्यांनी कोणालाही सांगितलं नाही. त्यांनी फक्त रविवारी, डोळे घट्ट मिटून, समोरच्या डोंगराकडे तोंड असलेल्या कर्ण्यातून प्रभूचे आभार मानले, की खालच्या गावात, कब्रस्तानाच्या मागे, निळ्या दाराच्या घरात, सोमवारी दिवेलागणीनंतर, एक तरुण पाळक आपल्या पत्नीसोबत विश्वासूपणे जेवतो, आणि त्याचं नाव मी घेणार नाही, प्रभू, कारण ते मला विश्वासाने सांगितलं गेलं आहे.

सोमवारी सगळे खाली उतरले. रागाने कोणीच नव्हतं, हे लक्षात घ्यायला हवं. सगळे आनंदात होते. उपक्रम बंद पडला नसून केवळ जागा बदलली आहे हे कळल्याने लोकांना हायसं वाटलं होतं. खुर्च्या दोन पिकअपमध्ये मावल्या. कोणीतरी गिटार आणलं होतं. गाणं रस्त्यातच सुरू झालं होतं.

निळ्या दाराला कुलूप होतं. शेजारीण भिंतीवरून डोकावून म्हणाली, सकाळीच गेली सगळी. म्हातारी, लेक, जावई, पोरगी, माग आणि खुराड्यातल्या कोंबड्यासुद्धा. कुठे? ते काही बोलली नाहीत. कशी बोलतील, ती म्हणाली, आणि सगळ्या खुर्च्यांकडे एकदा बघून खाली उतरली.

गाणं दुसऱ्या कडव्यात थांबलं. नेफ्तालींनी खिशातला रुमाल काढून नाक शिंकरलं आणि म्हणाले, ती मला दोनदा वाढायची, न विचारता. बाउदिलियो पायरीवर बसले. लास लोमासला आता पाळक नव्हता, आणि रविवारच्या शाळेतला त्यांचा तो पोरगा त्यांना न सांगता गेला होता. त्याने न सांगणं बरोबर होतं, हेच त्यांना सोसत नव्हतं.

“आपलं कुठे चुकलं, भाऊ?” एउदोसियाबाईंनी विचारलं. त्यांना खरंच जाणून घ्यायचं होतं.

“मी तुम्हाला सांगितलं.”

“ते तर तुम्ही बरोबरच केलंत.”

मंडळाने पुढच्या बैठकीत हे उद्दिष्ट ‘साध्य, ठिकाण अज्ञात’ असं ठरवून निकालात काढलं, आणि ठिकाण शोधण्यासाठी एक छोटी, प्रेमळ समिती नेमली. बाउदिलियोंनी तिच्यावर यायला नकार दिला. सोमवारी ते आता कुठेच जात नाहीत. क्रिस्पिनाबाई दार आतून लावून घेतात आणि वाढतात.

पावसाळा सरताना खताची पोती घेऊन एक ट्रकवाला वर आला होता. त्याने बाउदिलियोंना बाजूला घेऊन काहीतरी सांगितलं आणि त्यांच्या हातावर चष्म्याची एक नवी काडी ठेवली. त्या गुरुवारी एउदोसियाबाईंनी शेवटचा प्रश्न विचारला, माझ्यापासून काही लपवून ठेवताय का?

“हो,” बाउदिलियो म्हणाले.

“काय?”

“तेच लपवून ठेवलंय.” आणि त्यांनी आणखी एक पाव घेतला.

एउदोसियाबाईंना त्या रात्री झोप लागली नाही. आणि इथवर आलेल्या वाचकालाही थोडी चुटपुट लागली असणार. कोणतं गाव असेल? उसियेल तिथे काय करतो? आता तरी तिघं नीट जेवतात ना, देलफिना हसते ना? नुसतं एकदा कळलं, दुरूनच दिसलं, तरी जिवाला बरं वाटेल. ही चौकशी नव्हे, निव्वळ काळजी आहे, हे पूर्णपणे मान्य. काळजी सगळ्यांनाच आहे. रांग कब्रस्तानाच्या भिंतीपासून सुरू होते. तुमची जागा नेफ्तालींच्या मागे.